अ‍ॅलिगेटरची शिकार: फ्लोरिडाची सोडत की लुईझियानाचा गाईड?

अमेरिकेत राहता, मासेमारीचा नाद आहे आणि एकदा तरी मगरीच्या जातीच्या अ‍ॅलिगेटरच्या शिकारीला जायचं मनात आहे, तर विचार करण्याजोगे पर्याय मुख्यतः दोन. टेक्सास, जॉर्जिया, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना इथेही हंगाम असतो. पण जनावरं भरपूर आणि व्यवस्था मुरलेली अशी राज्यं म्हणजे फ्लोरिडा आणि लुईझियाना.

दोन्हीकडे १९६२ मध्ये शिकार बंद झाली होती, इतकी कातड्यापायी वाताहत झाली होती. १९६७ मध्ये हे जनावर संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत गेलं आणि १९८७ मध्ये ‘सावरलं’ म्हणून जाहीर झालं. आज लुईझियानात रानातले अ‍ॅलिगेटर २० लाखांच्या वर आहेत, फ्लोरिडात १३ लाखांच्या आसपास. मात्र शिकार पुन्हा सुरू करताना लुईझियानाने दलदलीच्या मालकाचा विचार आधी केला, आणि फ्लोरिडाने घरामागच्या तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाचा. तुमच्या वाट्याला कोणता अनुभव येणार, ते यावरूनच ठरतं.

फ्लोरिडात अ‍ॅलिगेटर सगळ्या ६७ काउंटींमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, आहे. गोल्फच्या मैदानावर आणि सोसायटीच्या तळ्यातही. त्यामुळे तिथे १९७८ मध्ये आधी उपद्रवी जनावरं हटवण्याची योजना आली. चार फुटांच्या वरचा, माणसाला किंवा पाळीव प्राण्याला धोका वाटणारा अ‍ॅलिगेटर दिसला की फोन करायचा, कंत्राटी ट्रॅपर, म्हणजे जनावर पकडणारा माणूस, येतो. दूर नेऊन सोडलेलं जनावर परत यायला बघतं, म्हणून त्याला बहुतेक वेळा मारतातच. हौशी लोकांसाठीची सार्वजनिक शिकार त्यानंतर, १९८८ मध्ये सुरू झाली. त्यासाठी सोडत असते. नंबर लागला तर ठरलेल्या तलावासाठी किंवा काउंटीसाठी परवाना आणि दोन टॅग (एका टॅगवर एक जनावर). राज्यातल्या रहिवाशाला सगळं मिळून २७२ डॉलर, बाहेरच्याला १,०२२. हंगाम १५ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर.

इथली गंमत म्हणजे सगळं आपल्या हातांनी करायचं. बहुतेक जण रात्रीच निघतात, कारण टॉर्चच्या झोतात जनावराचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. जिवंत, मोकळ्या जनावरावर बंदूक चालत नाही, आमिष लावलेला गळही चालत नाही. आधी वजनदार तिहेरी गळ पाठीपलीकडे फेकून ओढून अडकवायचा, नाहीतर दोरी बांधलेला हार्पून (फेकायचा भाला) मारायचा. जनावर होडीशी आणून ताब्यात घेतल्यावरच बँगस्टिक, म्हणजे टोक जनावराला टेकवलं की गोळी सुटणारी काठी, वापरायची. दहा फुटी धूड होडीखाली बुडी मारून बसलं की दोघातिघांचे दंड भरून येतात. एकट्याने जायचा हा खेळ नाही.

लुईझियानात मुळात हा खेळच नाही, ते पीक आहे. किनाऱ्यालगतची जवळपास ८० टक्के दलदल खासगी मालकीची. ती बुजवायची, विकायची की राखायची, हे मालक ठरवतो. म्हणून १९७२ मध्ये कॅमेरॉन परगण्यात हंगाम पुन्हा सुरू झाला तेव्हापासून टॅग जमिनीवर मिळतात: दलदल किती एकर, कोणत्या प्रतीची, त्यावर संख्या ठरते. राज्यभर ही पद्धत १९८१ मध्ये आली. हंगामाची वेळही विचारपूर्वक निवडलेली आहे. सप्टेंबरच्या सुमारास माद्या घरट्यांपाशी आतल्या दलदलीत असतात आणि मोठे नर कालव्यांत, खोल पाण्यात. गळाला म्हणून नरच जास्त लागतात.

पण लुईझियानाची खरी हुशारी अंड्यांत आहे. उन्हाळ्यात हेलिकॉप्टरमधून घरटी हेरतात. गोळा करणारा माणूस प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेनाने खूण करतो आणि अंडं न फिरवता तसंच पेटीत ठेवतो. उलटलं तर आतलं पिल्लू मरू शकतं. अंड्यांचे पैसे जमीनमालकाला मिळतात. फार्मवर ती उबवून वाढवलेल्या पिल्लांपैकी ठरलेला हिस्सा तीन-चार फुटांचा झाला की परत रानात सोडावा लागतो. सुरुवातीला तो १७ टक्के होता, घरटी वाढत गेली तसा कमी केला. फ्लोरिडातही अंडी गोळा करायची आणि खासगी जमिनींची योजना आहे, पण तिथे सगळा डोलारा त्यावर उभा नाही.

लुईझियानातल्या शिकारीची रीत साधी: पाण्यावर बांबू तिरका रोवायचा, मोठ्या गळाला कोंबडीचा तुकडा लावून टांगायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी दोरी पाण्यात ताणलेली दिसली की जनावर लागलंय. गळ रोज तपासावेच लागतात, आणि सूर्यास्तानंतर शिकार नाही. वर ओढल्यावर कवटीमागच्या मऊ जागी एक गोळी. सार्वजनिक जागांची सोडत राज्यातल्या रहिवाशांपुरतीच, त्यामुळे बाहेरच्याने गाईड गाठायचा. गाईड बहुधा लांबीनुसार पैसे घेतात, आणि फ्लोरिडाच्या परराज्यीय परवान्यापेक्षा हा खर्च सहसा जास्तच होतो. सरळ सांगायचं तर तुम्ही तिथे शिकारी कमी आणि पाहुणे जास्त.

लुईझियानाची दुखरी नस म्हणजे कातड्याचा भाव. तो पडला की टॅग असूनही कोणी पाण्यात उतरत नाही आणि दलदल राखण्यातला मालकाचा रस आटतो. कॅलिफोर्नियाने अ‍ॅलिगेटरच्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घालायचा कायदा केला, तेव्हा लुईझियाना न्यायालयात धावली ती याच भीतीने. फ्लोरिडाच्या हौशी शिकाऱ्याला भाव पडल्याने फारसा फरक पडत नाही.

मग जायचं कुठे? फ्लोरिडात राहत असाल आणि होडीवाला मित्र असेल, तर विचार करू नका, अर्ज भरा. परराज्यातले असाल आणि फ्लोरिडातल्या मित्राकडे परवाना असेल, तर १,०२२ डॉलर मोजायची गरज नाही. ५२ डॉलरचा मदतनिसाचा परवाना घेऊन त्याच्या होडीत बसता येतं. मला विचाराल तर यासारखा सौदा नाही. यातलं काहीच नसेल, किंवा आपल्या पैशांतून दलदल टिकावी असं खरंच वाटत असेल, तर लुईझियाना.

कातडं कमावून भारतात न्यायचा बेत मात्र सोडा. अमेरिकेबाहेर न्यायला साइट्सची (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात, आणि भारताने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातड्यांची आयात २०१७ मध्येच बंद केली आहे. मांस तिथेच तळून खा. शेपटीचं सगळ्यात चांगलं. फ्लोरिडाच्या सोडतीचा पहिला टप्पा साधारण मे महिन्यात उघडतो, तेव्हा मित्राला फोन एप्रिलातच करा.