आर-32 च्या एसीला पाइप तांब्याचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

जुना आर-22 गॅसचा एसी काढून नव्या आर-32 गॅसचा बसवायचा ठरलं की मशीन कोणतं घ्यायचं यावर घरात आठवडाभर चर्चा होते. आतलं आणि बाहेरचं युनिट जोडणारा गॅसचा पाइप मात्र ऐनवेळी मिस्त्री म्हणेल तो लागतो. मीही तेच केलं होतं. हिंगणघाटपासून 22 किलोमीटरवर आमचं गाव. घरच्या एसीला तांब्याचा पाइप आहे, कृषी केंद्रातल्या एसीला मी अ‍ॅल्युमिनियमचा घेतला होता. दोन्ही वापरून झाले, म्हणून लिहितो.

आधी दाबाचं बघू. आर-32 चा दाब आर-22 च्या साधारण 1.6 पट असतो. पण एसी चालू असताना भिंतीवरच्या पाइपांना त्याचा फारसा त्रास नाही, कारण बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी, बाहेरच्या युनिटातच असते. पाइपाची खरी कसोटी एसी बंद पडल्यावर लागते. मे महिन्याची दुपार, सावलीत 45 अंश, आणि लाईन गेलेली. तासा-दोन तासांत आतबाहेर दाब सारखा होतो आणि 350 पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास किंवा वर जातो. आर-22 असता तर 200 ते 235 वर थांबला असता. म्हणून तांबं घेतलं तरी जाडी बघूनच घ्या. पाव आणि अर्धा इंची पाइपाला 0.8 मिमी हवी. 22 गेजचा पाइप 0.71 भरतो आणि 24 गेजचा 0.56. दुकानदार ‘चालते जी, सगळेच नेतात’ म्हणाला तरी हे दोन्ही मी घेणार नाही.

जुनाच पाइप ठेवावा का, असंही बरेच जण विचारतात. माझ्या मते ठेवू नये. त्यात कॉम्प्रेसरचं जुनं मिनरल तेल चिकटलेलं असतं आणि नव्या गॅसला वेगळं तेल लागतं. शिवाय नव्या गॅससाठी अर्ध्या इंचाच्या पाइपाचं फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं पसरट तोंड, 16.6 मिमीचं करतात आणि नटाला 24 ऐवजी 26 चा पाना लागतो. जुनं तोंड त्यावर नीट बसत नाही.

आता अ‍ॅल्युमिनियम. त्याची बाजू कमकुवत आहे असं मी म्हणणार नाही. पंधरा फुटांमागे माझे दोन-सव्वादोन हजार वाचले. वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, हाताने सहज वळतो. वावरातल्या मोटरीची केबल चोरीला गेलेल्या माणसाला हेही पटेल की अ‍ॅल्युमिनियमकडे चोर सहसा बघत नाही. गाड्यांच्या एसीत तर पाइप अ‍ॅल्युमिनियमचेच असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण तिथले जोड कारखान्यात बनून येतात. आपल्याकडे जोड शिडीवर उभं राहून, हाताने फ्लेअर मारून होतो, आणि माझं घोडं नेमकं तिथे अडलं.

पहिला उन्हाळा छान गेला. दुसऱ्या मे महिन्यात गारवा कमी झाला. मेकॅनिकने गॅस भरला, तीन हजार गेले. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. या वेळी त्याने बाहेरच्या युनिटाचं इन्सुलेशन सोलून दाखवलं. पितळी नटाच्या तोंडाशी चुन्यासारखी पांढरी भुकटी जमली होती. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओल शिरली की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. नट काढला तर फ्लेअरला केसासारखी चीर. मी म्हटलं, टाका मारून द्या. तो म्हणाला, ‘भाऊ, याले टाका नाही बसत. तांबं लाल होते, मंग समजते. हे लाल होतच नाही, एकदम पाण्यावानी गळून जाते.’ त्याचं म्हणणं खरं होतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी रंग बदलून सूचना देत नाही. शिकलेला माणूस योग्य फ्लक्स आणि काडी वापरून ते जोडतो, पण असा माणूस मला तालुक्यात सापडला नाही. तोंड कापून नवं फ्लेअर मारावं, तर पाइप चार बोटं आखूड पडत होता. शेवटी सगळा पाइप फेकला.

तुमच्या गावात असा कारागीर असेल, युनिट पावसापासून झाकलेलं असेल आणि जोड एकदा बसल्यावर पुन्हा उघडावा लागणार नसेल, तर अ‍ॅल्युमिनियम तुम्हाला पुरेलही. माझ्यासारखा दर वेळी मेकॅनिकची वाट बघणारा असाल तर तांबं घ्या. त्याला चीर गेली तर गॅस काढून, नायट्रोजन सोडत, तासाभरात टाका बसतो. आर-290 म्हणजे प्रोपेन. तो एसी घेणार असाल, तर मी अ‍ॅल्युमिनियमचा विचारही करणार नाही. दाब कमी असला तरी तो गॅस भडकणारा आहे, आणि त्याला गळका जोड परवडत नाही.

तांब्याचं एक पथ्य आहे. बाहेरचं युनिट गोठ्याजवळ लावू नका. जनावरांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाने पितळी नट तडकतात. इंग्रजांच्या काळी तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची.

कृषी केंद्रातल्या एसीला आता 0.8 चं तांबं आहे. बसवताना पाइपातली हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप समोर उभं राहून अर्धा तास चालवून घेतला. दोन पावसाळे झाले. दर दिवाळीला नटांवर साबणाचा फेस लावून बघतो, अजून एकही बुडबुडा आलेला नाही.