कबुतरं पळवणारं घुबड: 899 रुपये, चालतं फक्त एक आठवडा

दोन स्टार देतेय, त्यातला एक पॅकिंगला.

आमची ठाण्यात सातव्या मजल्यावर बाल्कनी, एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतरांचा कायमचा मुक्काम. म्हणून ऑनलाइन हे सोलरवालं प्लॅस्टिकचं घुबड मागवलं, समोर काही हललं की मान फिरवतं, डोळे चमकवतं आणि किंचाळतं. (सासूबाईंनी बॉक्स उघडल्या उघडल्या 'घरात घुबड कोण आणतं गं' सुरू केलं ते वेगळं.)

पहिले तीन दिवस खरंच मस्त, एक पीस फिरकलं नाही. चौथ्या दिवशी एक कबुतर ग्रिलवर लांब बसून नुसतं बघत होतं, घुबड किंचाळलं की उडायचं, एक चक्कर मारून परत यायचं, दरवेळी थोडं जवळ. आठव्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर साहेब घुबडाच्या डोक्यावर, मान फिरतेय आणि हे वर बसून गोल गोल फिरतंय, शिटेचा ओघळ थेट डोळ्यावर!! रिटर्नची मुदत सात दिवस. कंपनीला कबुतरांचं टाइमटेबल माहीत असणार असं मला वाटतं.

चूक घुबडाची तरी कशी म्हणायची, ते किंचाळतं पण करत काहीच नाही, मग कशाला घाबरायचं. दोन दिवसांनी जागा बदलली की परत दीड-दोन दिवस घाबरतात, मग पुन्हा तेच. याउलट सासूबाई झाडू घेऊन धावतात तर आता बाल्कनीच्या दाराची कडी नुसती वाजली तरी सगळी भुर्रर्र, माझा मुलगा झाडांना पाणी घालायला गेला तरी. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना खाण्याआधी रोज वाजणाऱ्या मेट्रोनोमची (ठेका धरणारं यंत्र) नुसती टिकटिक ऐकून लाळ सुटायची तसंच हे, फक्त इथे कडी आणि झाडू.

आणि बॉक्सवर लिहिलेलं 'फक्त पक्ष्यांना ऐकू येणारा अल्ट्रासोनिक आवाज' ही शुद्ध थाप आहे. अल्ट्रासोनिक म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वर, कबुतराला 10,000 च्या वरचंच नीट ऐकू येत नाही, त्याचे कान आपल्या आधी हात टेकतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना पडद्यावरच्या टार्गेटवर चोच मारायला शिकवलं होतं, बॉम्बला दिशा द्यायला (युद्धात वापरले नाहीत शेवटी), आणि आपण त्यांना प्लॅस्टिकचं घुबड दाखवतोय.

मूळचा हा पक्षी कड्याकपारीत राहणारा, त्याला आपला टॉवर म्हणजे आयता कडा. त्यात पाचव्या मजल्यावरचे काका रोज आठला ज्वारी टाकतात, पावणेआठपासून रांग लागलेली असते. शेवटी जाळी मारून घेतली, स्क्वेअर फुटाला 25 रुपये, त्याआधी युनिटमागच्या दोन अंड्यांतून पिल्लं निघून उडेपर्यंत थांबावं लागलं, दीड महिना गेला त्यात.

दुसरा स्टार सोलर पॅनलला. रात्रभर डोळे चमकतात, मुलगा धुऊन पुसून उशाशी घेऊन झोपतो, सासूबाईंचा अजून विरोध आहे.