टार्टची पारी: मैदा-बटर की कणीक-तेल?

ठाण्यात जांभळी नाक्यावरून पालक, सिमला मिरची, कांदे आणले तर भाजी स्वस्तच पडते. टार्ट, म्हणजे भाजलेल्या उघड्या पारीत भाजीचं सारण, महाग होतो तो बटरमुळे. २०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम थंडगार बटर लागतं. पारी तोंडात विरघळते, हे खरं. पण आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात बटर हातातच वितळतं, पीठ चिकट होतं आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

तेवढ्याच कणकेला ६० मिली तेलाचं मोहन पुरतं. करंजीसारखंच चोळायचं, गार पाण्यात घट्ट भिजवायचं. पारी थोडी कडक, पण खमंग! रोजच्यासाठी मी हीच करते, पाहुण्यांसाठी बटरची.

दोन्हींत पारी आधी ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं रिकामीच भाजा. पालक परतून घट्ट पिळा, नाहीतर तळ ओला राहतो.