आईसाठी रात्रीची मालिका: दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपण की मोबाइल?

मराठवाड्यातील खेड्यांत मालिकांची मुख्य वेळ आणि आईची स्वयंपाकाची, जेवणे वाढण्याची, भांडी घासण्याची वेळ एकच असल्यामुळे तिच्या वाट्याला बहुधा रात्री उशिराचे पुनःप्रक्षेपण तरी येते, नाहीतर मोबाइलवरील ॲप तरी.

पुनःप्रक्षेपणाला डेटा लागत नाही, पडदा मोठा असतो आणि सासू-सुना एकत्र बसून पाहू शकतात. मात्र वेळ वाहिनी ठरवते आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर तो भाग हुकतो. खर्चाचा प्रश्न वेगळाच आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या डीटीएच सेवेला, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशला, मासिक शुल्क नाही आणि तिच्यावर सह्याद्री वाहिनी दिसते. पण सशुल्क वाहिन्यांच्या चालू मालिका तिथे सहसा मिळत नाहीत, आणि अनेकींना हव्या असतात त्या त्याच.

मोबाइलवर भाग हवा तिथे थांबवता येतो. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी रात्रीतून दोन-तीनदा उठणाऱ्या आईला हीच सोय खरी उपयोगाची आहे, शिवाय इअरफोन लावला की कुणाची झोप मोडत नाही (पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा किरकोळ नाही). तथापि फोन पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि दिवसाचा डेटा त्यानेच संपवलेला असतो. तरीही बाळंतिणीने मोबाइलच निवडावा. ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांना दूरचित्रवाणीच बरी, निदान त्या वेळी रिमोट मागायला कुणी येत नाही.