सलग सराव की मिश्र सराव?

सरळव्याजाची सलग 12 गणितं दिली की मुलं तिसऱ्यानंतर प्रश्न वाचतच नाहीत, नुसते सूत्रात आकडे भरतात. कोणतं सूत्र कधी लावायचं, हे ठरवण्याचा सराव होतच नाही. नव्या प्रश्नापुढे ती अडतात ती इथेच. सलग सराव नवं सूत्र शिकवलं त्या दिवशी, 3-4 गणितांपुरता ठीक.

मिश्र संचात सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफा-तोटा यांची प्रत्येकी 4 गणितं घ्या. लागोपाठ दोन सारखी नकोत. सोडवण्यापूर्वी ‘हेच सूत्र का?’ हे एका ओळीत लिहून घ्या. सुरुवातीला चुका वाढतात आणि शिक्षक नेमके तेव्हाच माघार घेतात. कृपया घेऊ नका. रोहरर आणि टेलर या संशोधकांच्या 2007च्या, घनफळाच्या गणितांवरच्या प्रयोगात सरावावेळी सलग गटाला 89 टक्के, मिश्र गटाला 60 टक्के गुण होते; आठवड्याने घेतलेल्या चाचणीत सलग गटाला 20, मिश्र गटाला 63.