घरी मारलेला मेटॅलिक बेसकोट आणि क्लिअरकोट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या फेब्रुवारीत खानापूर तालुक्यातील आमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात मी माझी जुनी चंदेरी हॅचबॅक स्वतः रंगवली: आधी रंगाचा थर म्हणजे बेसकोट, आणि त्यावर चकाकी देणारा पारदर्शक थर म्हणजे क्लिअरकोट. त्यानंतर तिने एक उन्हाळा, वळवाचे दोन-तीन जोरदार पाऊस आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतची आमच्याकडची संततधार सोसली. कामानिमित्त बेळगावला ये-जाही रोजची होती. चकाकी अजून चांगली आहे, पण समोरचा बंपर बाकीच्या गाडीपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसतो आणि तो तसा का दिसतो, हे मला फार उशिरा कळले.

रंग बेळगावातल्या दुकानातून गाडीच्या कलर कोडप्रमाणे बनवून घेतला होता आणि सगळी गाडी एकाच डब्यातून रंगवली. तरीही फरक पडला, कारण मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते पृष्ठभागावर कसे निजतात यावर रंगाची छटा ठरते. थर फार ओला बसला तर पापुद्रे आत बुडतात व वेडेवाकडे उभे राहतात. मग समोरून पाहताना रंग काळपट आणि बाजूने पाहताना पांढुरका वाटतो. थर कोरडा बसला की पापुद्रे वरच्या अंगाला आडवे निजतात आणि तोच रंग समोरून उजळ दिसतो. गनचे (रंग फवारणाऱ्या पिस्तुलाचे) अंतर, हवेचा दाब, थिनरचे प्रमाण आणि हाताचा वेग या सगळ्यांचा परिणाम शेवटी या ओलेपणावरच होतो.

बॉनेटवर मला हे अगदी जवळून दिसले. १.३ मिलिमीटर नोझलच्या गनने, सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून मी दुसरा हात मारला आणि ओल्या थरातच ढगांसारखे गडद-फिके पट्टे उमटले. घाबरून त्यावर आणखी ओला हात मारला असता तर ते वाढलेच असते. सुदैवाने मी थांबलो, थर पूर्ण मंद होऊन ओली झाक जाईपर्यंत पंधरा मिनिटे वाट पाहिली, मग दाब थोडा कमी करून आणि गन ३० सेंटिमीटरपर्यंत मागे नेऊन आडवे-उभे असे दोन हलके हात फिरवले. तुषार कोरडसर बसत गेले तसे पट्टे एकमेकांत मिसळले. हा हलका शेवटचा हात संपूर्ण गाडीवर सारखाच पडायला हवा, कारण मेटॅलिक बेस पेपरने घासून सुधारता येत नाही. घासल्यावर पापुद्रे खरवडले जातात आणि क्लिअरखाली तो डाग कायमचा राहतो.

बंपरच्या बाबतीत चूक सोयीपोटी झाली. तो काढून दोन स्टुलांवर आडवा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रंगवला. आडव्या वस्तूवर ओघळ येण्याची भीती नसल्याने माझे हात आपोआप जड पडले आणि शेवटचा हलका हातही मी नीट दिला नाही. सावलीत फरक जाणवत नव्हता. सायंकाळचे तिरपे ऊन पडले तेव्हा मात्र बंपर आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) दोन वेगळ्या गाड्यांचे वाटू लागले. गावातले एक जुने पेंटर गाडी पाहून म्हणाले, “अण्णा, बंपर गाडीवर बसतो तसा उभा टांगून, फेंडरसोबतच मारायचा होता.” आधी विचारले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

क्लिअरकोटबद्दल माझे मत चांगले आहे. दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) असे दोन हात मारले; आठवड्यानंतर १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी सोडत घासून कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारले. दारांवर आजही अंगणातल्या फणसाचे प्रतिबिंब स्वच्छ उमटते. छपरावर मात्र दुपारच्या उन्हात, पत्र्याखाली गोठा तापलेला असताना मी दुसरा हात घाईने चढवला. वरचा थर आधी बंद झाला, आतले थिनर नंतर बाहेर पडले आणि टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रे राहिली. आता पावसानंतर त्यांत तांबडी माती साठते आणि धुतल्यावरही निघत नाही. पावसाळ्यात दुसरा दोषही उघडा पडला: मागच्या काचेचे रबर न काढता केवळ टेप लावली होती, तिथे क्लिअरची कड दोन ठिकाणी सुटू लागली आहे.

हार्डनरमधील आयसोसायनेट या घातक रसायनाविषयी गांभीर्याने सांगावेसे वाटते. त्याने दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि त्याला वासाची पूर्वसूचना नसते, म्हणून साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. मी कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे वापरले, घरच्यांना दिवसभर दूर ठेवले. तरी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हाच खरा उपाय आहे आणि पुन्हा क्लिअर मारण्याआधी मी तो मिळवणार आहे.

येत्या फेब्रुवारीत, सकाळचे दव ओसरल्यावर आणि पत्रा तापण्याआधी, गोठ्याची जमीन शिंपून मी बंपर पुन्हा रंगवीन. या वेळी तो फेंडरशेजारी, गाडीच्याच उंचीवर उभा असेल, आणि बेसचा शेवटचा हलका हात फेंडरच्या पुढच्या भागापर्यंत नेऊन मग त्या संपूर्ण फेंडरवर क्लिअर चढवीन.