प्रोस्टेटचा कर्करोग: अमेरिकेतले कृष्णवर्णीय आणि नायजेरियातले

अमेरिकेत साधारण ६ कृष्णवर्णीय पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधीतरी प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कर्करोग निघतो. मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट. नायजेरियातले नोंदीतले आकडे यापेक्षा बरेच कमी, पण त्यांवर जाऊ नका. तिथे कर्करोगाच्या नोंदी मोजक्याच ठिकाणी होतात आणि पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन) मोजणाऱ्या रक्ततपासणीचा खर्च बहुतेकांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो. अमेरिकेत त्याच तपासणीमुळे कित्येकदा काही त्रास नसतानाच निदान होतं. नायजेरियातला रुग्ण बहुधा लघवी तुंबल्यावर किंवा कंबर धरून येतो, तोवर रोग हाडांत उतरलेला. गुणसूत्र ८ वरचे काही धोक्याचे बदल पश्चिम आफ्रिकी वंशात जास्त आढळतात. तेवढा वारसा दोघांचा सामायिक. पण विमा नसलेला अमेरिकी कृष्णवर्णीयही उशिराच पोचतो, तिथे जनुकांना कशाला दोष द्यायचा?